ऋणनिर्देशाचं पान: नमुना चिकटवायचा की खरं लिहायचं?

कोरडवाहू · ६ मार्च, रात्री १०.१५

भाची टीवायबीएला आहे, विषय भूगोल, तालुका सांगोला. तिघी मैत्रिणींनी मिळून वर्षभराचा प्रकल्प केलाय: गावशिवारातल्या २४ विहिरींची पाणीपातळी. ऑक्टोबरात एकदा, जानेवारीत एकदा आणि परवाच्या रविवारी तिसऱ्यांदा मोजली. महिने मनाने ठरवलेले नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चारदा मोजते, त्यातले परीक्षेआधी बसणारे तीन महिने यांनी धरले. नकाशे झाले, आलेख झाले, निष्कर्ष झाले. आणि गाडी अडलीय सुरुवातीच्या एका पानावर.

विभागातून या पानाचा तयार नमुना मिळतो. जसाच्या तसा देतो:

"सदर प्रकल्प पूर्ण करताना ज्यांचे बहुमोल मार्गदर्शन व अमूल्य सहकार्य लाभले त्यांचे आभार मानणे हे आम्ही आमचे आद्य कर्तव्य समजतो. संस्थेचे मा. अध्यक्ष ....., मा. सचिव ....., मा. प्राचार्य ....., विभागप्रमुख ..... व मार्गदर्शक प्रा. ..... यांच्या प्रेरणेनेच हे कार्य सिद्धीस गेले. तसेच ज्ञात-अज्ञात सर्वांच्या ऋणात राहणे आम्ही पसंत करतो."

टिंबांवर नावं घालायची की झालं. भाची म्हणते, "मामा, अध्यक्षांना मी एकदाच बघितलंय, गॅदरिंगला, ते पण पाठीमागनं." आणि ज्यांनी खरोखर मदत केली ते सगळे त्या 'ज्ञात-अज्ञात'मध्ये. त्यात कोण कोण आहे बघा. पहिल्या मोजणीला या पोरी कठड्यावरून पट्टी सोडून आकडे लिहीत होत्या. सहाव्या विहिरीवरच्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "बाळांनो, कठडा वजा केला का? पाणी जमिनीखाली मोजत्यात, कठड्याखाली न्हाई." पाच विहिरी परत मोजाव्या लागल्या. जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगायची ("सात परस हाय"), ते परस म्हणजे पुरुषभर उंचीचं माप हे भाचीच्या आजीने समजावलं. एक कंडक्टर रविवारी त्यांच्यासाठी फाट्यावर एसटी थांबवायचे.

मार्गदर्शक सरांबद्दल तक्रार नाही, माणूस बरा आहे. पण अहवाल अजून उघडलेला नाही. 'बहुमोल मार्गदर्शन' लिहायला पोरीचा हात धजत नाही.

मी स्वतः डिप्लोमाला सीनियरचं पान उतरवून काढलं होतं, त्यामुळे मला नैतिक अधिकार नाही. तुम्ही सांगा काय करावं.

---

अर्धा कप · ६ मार्च, रात्री १०.३१

कोण वाचतं हो ते पान? बाहेरचे परीक्षक येतात, शेवटून पानं चाळतात, दोन आलेख बघतात, "निष्कर्ष सांगा" म्हणतात. चहा येतो. नमुना चिकटवा आणि मोकळे व्हा. सत्याचे प्रयोग करायला सबमिशनचा आठवडा ही जागा नव्हे.

---

टंकनश्रमी · ६ मार्च, रात्री ११.०२

मी वाचतो!

झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे, कॉलेजच्या गेटसमोर, चौदा वर्षं. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे दिवाळी असते. पोरं पेन ड्राइव्ह घेऊन रांगेत. त्यात मागच्या बॅचची फाइल असते, नावं बदलून द्या म्हणतात. नावं बदलतातच, एखादं राहतंच. निवृत्त झालेल्या सरांच्या प्रेरणेने तीन वर्षं प्रकल्प सिद्धीस जात होते.

सगळ्यात भारी सांगतो. बी.कॉम.च्या एका पोराचा अहवाल आला, वय वीस-एकवीस, मिशी नुकती फुटलेली. ऋणनिर्देशात शेवटचं वाक्य: "माझे पती व सासूबाई यांनी घरची जबाबदारी सांभाळून मला वेळ दिला, त्यांचे ऋण शब्दांत व्यक्त करणे अशक्य." कुणा मॅडमच्या एम.एड.च्या प्रबंधातून पान उचललेलं. मी हाक मारून दाखवलं तर म्हणतो, "काका राहू द्या, सर वाचत नाहीत." मीच काढलं. सोनेरी अक्षरं उमटवलेल्या काळ्या बाइंडिंगमध्ये त्याची सासू कायमची राहिली असती.

बाकी 'ऋ'चं म्हणाल तर आमचा शत्रू नंबर एक. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'बरोबर'च्या चिन्हाची कळ, हे निम्म्यांना ठाऊक नसतं. मग 'रुणनिर्देश', 'ऋुणनिर्देश', आणि मोबाइलवर बोलून टाइप केलं की 'रून निर्देश'. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातली फाइल दुसऱ्याच्या मशिनवर उघडली की जे दिसतं ते तर कुठल्याच लिपीत नसतं. मराठी फाइल युनिकोडमध्येच करा आणि पीडीएफ करून आणा, एवढी माझी हात जोडून विनंती.

---

अर्धा कप · ६ मार्च, रात्री ११.०८

पती आणि सासूबाई 😂 बरं, एक वाचक मिळाला. मान्य.

---

खडूची धूळ · ७ मार्च, सकाळी ७.२०

निवृत्त प्राध्यापक आहे, मराठीचा. प्रकल्पांवर पोत्याने सह्या केल्यात, तेव्हा आधी गुन्हा कबूल करतो: मीही पुष्कळ अहवाल न उघडता सही केली आहे. शेवटच्या वर्षी माझ्याकडे अकरा गट होते, वर तास, पेपर आणि निवडणुकीची ड्यूटी. ही सबब नाही, हवामानाचा अंदाज समजा.

आता पानाबद्दल. शब्दच बघा ना. ऋण अधिक निर्देश. निर्देश करणे म्हणजे बोट दाखवून सांगणे, हे ते, इथे, एवढं. 'ज्ञात-अज्ञात सर्व' हा निर्देश नव्हे, हा तर हवेत फिरवलेला हात. कार्यक्रमाच्या शेवटी लोक चपला शोधत असताना जे होतं ते आभारप्रदर्शन. त्यात मंडपवाल्यापासून सगळे एका दमात येतात आणि कोणी काय केलं ते कळत नाही. नमुन्यातलं पान हे आभारप्रदर्शन आहे, वर नाव फक्त ऋणनिर्देशाचं.

आपल्याकडे हे नीट करायची रीत जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, शके १२१२ चा उल्लेख येतो त्याच ओवीत, सच्चिदानंदबाबा 'आदरें लेखकु जाहला' असं आहे. माणूस कोण, त्याने काय केलं, कशा भावनेने केलं, तिन्ही गोष्टी तीन शब्दांत. बहुमोल नाही, अमूल्य नाही. लिहून घेतलं, संपलं.

भाचीला सांगा, प्रत्येक नावापुढे एक क्रियापद हवं आणि ते क्रियापद खरं हवं. 'मार्गदर्शन केले' चालेल, पण कशाचं? 'प्रेरणा दिली' मात्र शक्यतो टाळावं, प्रेरणा कोणी दिलेली मी वर्गात तरी पाहिली नाही.

आणि एक इशारा. 'कृतज्ञ' आणि 'कृतघ्न' यांत एका जोडाक्षराचा फरक आहे. एका गटाने "आम्ही आपले सदैव कृतघ्न राहू" असं छापून, बांधून, माझी सही घेऊन आणलं होतं. सही मी केली होती! तोंडी परीक्षेला बाहेरच्या बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते एक पान तरी मी वाचायला लागलो.

---

मुळाकाठ · ७ मार्च, सकाळी १०.४५

इंजिनिअरिंगवाली. आमच्याकडे हे पान इंग्रजीत असतं आणि सगळ्यांचं "आय टेक धिस ऑपॉर्च्युनिटी" असंच उघडतं. चार वर्षांत कोणीही दुसरी ऑपॉर्च्युनिटी घेतलेली मी पाहिली नाही.

माहितीसाठी: यूजीसीचे साहित्यचौर्याविषयीचे २०१८ चे विनियम आहेत. त्यात साम्य तपासताना काय वगळायचं याची यादी दिलीय. परवानगीने किंवा श्रेय देऊन घेतलेली उद्धृतं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश. म्हणजे १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा, ६० टक्क्यांच्या वर गेलात तर थेट नोंदणी रद्द, पण ऋणनिर्देश शंभर टक्के ढापलेला असला तरी मोजणीत धरतच नाहीत. भाचीच्या टीवायबीएच्या प्रकल्पाला कोणी सॉफ्टवेअर लावणार नाही, तरी कायद्यानेच या पानाकडून कोणी काही अपेक्षा ठेवलेली नाही हे मला फार मजेशीर वाटतं.

---

खडूची धूळ · ७ मार्च, सकाळी ११.१०

मुळाकाठ, वगळलंय कारण त्या पानावर कुणाचं संशोधन नसतं. मंगलाष्टकांत चोरी कोण शोधतं? पण म्हणून स्वतःच्या लग्नात दुसऱ्याच्या नवरीचं नाव घेत नाहीत.

---

टंकनश्रमी · ७ मार्च, सकाळी ११.१४

घेतात सर. माझ्या दुकानात घेतात.

---

कोरडवाहू · ७ मार्च, रात्री ९.३०

सगळ्यांना धन्यवाद. सरांचं 'प्रत्येक नावापुढे एक खरं क्रियापद' भाचीला वाचून दाखवलं. तोवर तिच्या मैत्रिणीने चॅटजीपीटीकडून एक मसुदा काढून आणलाय. नमुन्यापेक्षा वेगळा आहे एवढंच. दोन वाक्यं देतो:

"या ज्ञानयात्रेत दीपस्तंभाप्रमाणे आमचा मार्ग उजळवणाऱ्या आमच्या मार्गदर्शकांप्रति आम्ही अंतःकरणापासून कृतज्ञता व्यक्त करतो. शेतकरी बांधवांनी आपल्या अनुभवाचे अमृतकण आमच्या ओंजळीत टाकले."

---

अर्धा कप · ७ मार्च, रात्री ९.३६

सांगोल्यात दीपस्तंभ? माण नदीच्या पात्रात बोटी कधीपासून यायला लागल्या?

---

मुळाकाठ · ७ मार्च, रात्री ९.५०

अमृतकण ओंजळीत टाकणाऱ्यांच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी किती होतं तेवढं लिहा.

तसं यंत्राची मदत घेण्याला ना नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचंही म्हणणं आहे की एआयला लेखक म्हणून लावू नका, पण लिहिताना वापरलं असेल तर तसं सांगा, आणि सांगायची जागा म्हणजे हेच आभाराचं पान. नकाशा किंवा व्याकरणासाठी वापरलं असेल तर एक ओळ टाका. पण आभाराचं पानच त्याच्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे श्राद्धाला भाड्याने मुलगा आणण्यासारखं झालं.

---

रानवाटा · ८ मार्च, दुपारी १.०५

एमएसडब्ल्यू करून सात वर्षं गावागावांत सर्वेक्षणं करतेय. वरचं सगळं पटलं, पण कोणी एक गोष्ट बोललेलं नाही. ज्यांची नावं छापणार आहात त्यांना विचारलंत का?

तुम्हाला वाटतं नाव आलं की माणूस खूश. नेहमी नाही. विहिरीचंच घ्या. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला १९९३ च्या भूजल कायद्याने बंदी घातली होती. आता एखाद्याची विहीर गावच्या नळयोजनेच्या विहिरीजवळ असेल, आणि तुमच्या अहवालात नकाशावर क्रमांक, तक्त्यात पातळी आणि ऋणनिर्देशात मालकाचं नाव असेल, तर तिन्ही जोडायला कुणाला वेळ लागणार नाही. त्याने पोरींना पट्टी सोडू दिली ती भलेपणाने. त्याचं हे बक्षीस नको. भाऊकीत विहिरीच्या हिश्श्यावरून वाद असेल तर मग विचारूच नका, 'मालक' म्हणून एकाचंच नाव छापलंत की दुसरा दारात उभा.

आम्ही आजारपण, दारू, कर्ज अशा विषयांवर काम करतो तिथे तर माहिती देणाऱ्या कुणाचंच नाव घेत नाही. "माहिती देणाऱ्या बेचाळीस महिलांनी स्वयंपाक बाजूला ठेवून वेळ दिला" असं लिहितो. नाव नसलं तरी काय दिलं ते कळतं. कोरडवाहू, भाचीला म्हणावं चोवीसही घरी जाऊन विचार. ज्यांना चालेल त्यांचं नाव, बाकीच्यांचा फक्त विहीर क्रमांक.

---

कोरडवाहू · ८ मार्च, दुपारी २.४०

रानवाटाताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. पोरी नकाशावर नावंसुद्धा टाकणार होत्या. थांबवलं लगेच.

---

डेल्फ्टकर · ८ मार्च, संध्याकाळी ६.२०

नेदरलँड्समध्ये पीएचडी करतोय. इथे प्रबंध छापून वाटतात, आणि हातात पडला की नव्वद टक्के लोक (माझा अंदाज, संशोधन नव्हे) आधी शेवटचं आभाराचं प्रकरण उघडतात. आपलं नाव आहे का, आणि गाईडबद्दल काय लिहिलंय. विज्ञान नंतर, बहुतेक कधीच नाही. लोक चार-चार, सहा-सहा पानं लिहितात, त्यात सायकल दुरुस्त करून देणारा शेजारीही असतो. सुरुवातीला हसू यायचं. आता माझं लिहायची वेळ आली तर पहिल्या हिवाळ्यात मला घर शोधून देणाऱ्या सोलापूरच्याच एका वहिनींशिवाय पहिली ओळ सुचत नाहीये.

---

अर्धा कप · ८ मार्च, संध्याकाळी ६.५५

मूळ प्रश्न बाजूला पडतोय. ज्या सरांनी अहवाल उघडलेला नाही त्यांचं काय करायचं? वगळलं तर सही मिळणार नाही. 'बहुमोल' लिहिलं तर खोटं. आणि 'ऋणात राहणे पसंत करतो' हे वाक्य मला कधीच समजलेलं नाही. किराणा दुकानदाराला सांगून बघा, "शेठ, मी तुमच्या ऋणात राहणं पसंत करतो."

---

खडूची धूळ · ८ मार्च, रात्री ८.१५

ते वाक्य मुळात वाईट नव्हतं. आभार मानून मोकळं होऊ नये, फेडायची आठवण मनात राहावी, असा त्याचा भाव. वापरून वापरून ते चलनातल्या जुन्या नोटेसारखं झालंय, आकडा दिसत नाही.

सरांचं सोपं आहे. खोटी स्तुती नको, टोमणाही नको. टोमणा मारायला हे पान नाही. "ज्यांनी वेळात वेळ काढून सही केली" असं लिहिणारे बहाद्दर मी पाहिलेत, त्यांना वाटतं वाचणाऱ्याला कळत नाही. भाचीला विचारा, वर्षभरात सरांनी केलेली एक गोष्ट सांग, जिच्यावाचून काम अडलं असतं. कितीही लहान असू दे. तीच लिहा.

---

कोरडवाहू · ८ मार्च, रात्री १०.०५

विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोजपट्टी." विभागाची ३० मीटरची मोजपट्टी कपाटात कुलपात असते, जंगम वस्तूंच्या नोंदवहीत सरांच्या सहीनेच बाहेर जाते. इतर गटांना शनिवार-रविवारी मिळत नाही. यांना सरांनी ऑक्टोबरात दिली आणि म्हणाले, "काम संपेपर्यंत ठेवा, सारखं सारखं कोण सही करणार." तेवढ्यावर तिन्ही मोजण्या झाल्या.

---

खडूची धूळ · ८ मार्च, रात्री १०.२०

झालं तर मग. विभागाची वस्तू पाच महिने विद्यार्थ्यांच्या घरी ठेवायला छाती लागते. हरवली असती तर पगारातून गेली असती. हे बहुमोल नसेल तर काय आहे?

---

कोरडवाहू · १३ मार्च, रात्री ९.००

पोरी चार संध्याकाळ फिरल्या, चोवीस घरं केली. एकोणीस जण हो म्हणाले, तिघे नको म्हणाले, दोघं पुण्याला मुलाकडे गेलीत म्हणून त्यांचे फक्त क्रमांक ठेवले. एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका डाळिंबवाल्या काकांना भाची म्हणाली, "काका, ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का?" काका म्हणाले, "ऋण म्हंजे कर्जच की गं. सोसायटीचं भरलंय मी फेब्रुवारीत, पावती दावू का?" अर्धा तास समजावलं. शेवटी काकू आतून म्हणाल्या, "अवो, त्या आपलं देणं लागत्यात म्हनं, आपुन न्हाई." मग लगेच हो.

मसुदा असा झालाय. नावं इथे गाळतोय.

"ऋणनिर्देश

मार्गदर्शक प्रा. ..... यांनी विभागाची ३० मीटर मोजपट्टी ऑक्टोबर ते मार्च आमच्याकडे ठेवू दिली. तिच्याशिवाय एकही नोंद झाली नसती. विभागप्रमुख डॉ. ..... यांनी नकाशासाठी प्रयोगशाळा सुट्टीच्या दिवशी उघडून दिली. मा. प्राचार्यांनी गावात सर्वेक्षण करण्याचे परवानगीपत्र दिले.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून आम्हाला जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी तुलनेसाठी मिळाल्या.

विहीर क्र. ६ चे श्री. ..... यांनी पातळी कठड्यापासून नव्हे तर जमिनीपासून मोजायची असते हे दाखवून दिले. त्यामुळे पहिल्या पाच विहिरींच्या नोंदी आम्ही पुन्हा घेतल्या. विहीर क्र. १७ चे श्री. ..... यांनी मोजपट्टीचे तुटलेले कडे तारेने जोडून दिले. आमच्यापैकी एकीच्या आजी श्रीमती ..... यांनी परस हे माप समजावले; त्यावरून जुन्या खोलीचे अंदाज करता आले. रविवारी फाट्यावर एसटी थांबवणाऱ्या वाहक काकांचे नाव आम्ही विचारले, त्यांनी सांगितले नाही.

सर्व २४ विहिरींवर आम्हाला जाऊ दिले, बहुतेक ठिकाणी चहा दिला. ज्यांनी संमती दिली त्यांची नावे पुढील पानावर आहेत."

अध्यक्ष आणि सचिव यांचं काय करावं अजून ठरत नाहीये.

---

रानवाटा · १३ मार्च, रात्री ९.२५

फार छान. विहीर ६ आणि १७ च्या दोघांना क्रमांकासकट नाव चालणार आहे ना, हे वेगळं विचारा. नुसतं नाव येणं आणि क्रमांकाशेजारी येणं यांत फरक आहे.

---

मुळाकाठ · १३ मार्च, रात्री ९.४०

वाहक काकांचं वाक्य वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले.

एक तांत्रिक: प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, मग ऋणनिर्देश, मग अनुक्रमणिका, असा क्रम आमच्याकडे असतो. तुमच्याकडचा विचारून घ्या. संमतीच्या नावांचं पान मात्र परिशिष्टात टाका, पुढे नको.

---

खडूची धूळ · १४ मार्च, सकाळी ७.०५

उत्तम. 'बहुतेक ठिकाणी चहा दिला' यातलं 'बहुतेक' मुळीच काढू नका.

अध्यक्ष-सचिवांसाठी एक ओळ टाका: "संस्थेने ग्रंथालय आणि प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली." पदाधिकाऱ्यांची नावं नकोत, संस्थेचं घ्या. ते खरंही आहे आणि कार्यालयात कुणी आडवंही येणार नाही. 'मा. श्री. डॉ. अमुक अमुक सर' असली पाचमजली इमारत तुम्ही बांधली नाहीत हे पाहून बरं वाटलं. 'प्रा.' किंवा 'डॉ.' पुरे असतं.

---

टंकनश्रमी · १४ मार्च, सकाळी ९.३०

सर्व वाचलं. सांगोल्यात कुठे बाइंडिंग करणार आहात माहीत नाही, माझ्याकडे आला असतात तर हे पान मी फुकट छापलं असतं. बाकीच्या पानांचे पैसे घेतले असते.

---

कोरडवाहू · ४ एप्रिल, रात्री ८.४५

अपडेट. काल तोंडी परीक्षा झाली. अर्धा कप, तुमचं निम्मं खरं निघालं: बाहेरच्या परीक्षकांनी आलेख बघितले, निष्कर्ष विचारले, ऋणनिर्देशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सहाव्या विहिरीचा प्रश्न मात्र आला, "पातळी कुठून मोजली?" आणि तिघी एका सुरात "जमिनीपासून".

सरांनी मात्र पान वाचलं. सहीला दिलं तेव्हाच, उभ्या उभ्या, पूर्ण वाचलं. भाचीला वाटलं आता काहीतरी बोलतील. सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मोजपट्टीचं कडं तुटलंय? हे मला कधी सांगणार होतात?"

---

अर्धा कप · ४ एप्रिल, रात्री ८.४९

😂😂 नमुना चिकटवा म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

---

खडूची धूळ · ४ एप्रिल, रात्री ९.१०

सही केली का पण?

---

कोरडवाहू · ४ एप्रिल, रात्री ९.१४

केली. आधी पट्टी मागवून घेतली, तारेची गाठ दोनदा ओढून बघितली, मग केली. म्हणाले, "हे काम कुणी केलंय, विहीर सतरा का? चांगलं केलंय."